नकाराची वेळ

स्वतंत्रपणे अनुवादाची कामे घेणाऱ्याने एखादे काम केव्हा नाकारावे? याचे उत्तर आधी त्रैराशिकात शोधावे. रोज २,००० शब्द नीट उतरत असतील, तर ४०,००० शब्दांना २० दिवस लागणार; फेरतपासणीचे ४ निराळे. प्रकाशक १५च दिवस देत असेल, तर पहिल्याच दिवशी नाही म्हणावे. तो नकार सौजन्याचा. चौदाव्या दिवशीचा विश्वासघाताचा. अटी लिहून देण्यास समोरचा का-कू करीत असेल, तरीही थांबावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. घरभाडे थकलेले असताना असा नकार जड जातो, हे मी जाणतो. परंतु घाईचा अनुवाद आपल्या नावासकट छापला जातो, आणि भाडे फिटल्यावरही तो मागे उरतो.