गिरगावातून कुंडलिकेच्या काठी

सायकलीला मुरूम-खडीची वाट हवी असेल, तर गिरगावातून आधी भाऊचा धक्का गाठावा. २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला उतरवते, सायकलीसकट. तिथून अलिबागमार्गे रेवदंडा. हा टप्पा डांबरी आणि शनिवार-रविवारी गाड्यांनी भरलेला, त्यामुळे भल्या पहाटेच उरकलेला बरा. खरी मजा साळावचा पूल ओलांडून रोह्याच्या दिशेने, नदीच्या उगमाकडे निघाल्यावर.

कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते ती टाटांच्या कृपेने. घाटावर धरणात अडवलेलं मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि मग नदीला मिळतं. हे वीजघर १९२७ चं. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह लढवला. वीज मुंबईला आली, जमिनी मावळातल्या गेल्या. कोलाडचं राफ्टिंगही याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. म्हणून भिरा-कोलाड पट्ट्यात कोरडं पात्र पाहून सायकल आत घालू नये, पाणी केव्हाही चढतं.

टायर ४० मिलिमीटरच्या आसपासचे, हवा थोडी कमी. शर्यतीच्या सायकलीचे २५-२८चे टायर खडीवर हाडं खिळखिळी करतात. पावसाळ्यात मुरमाचा चिखल चाकांत बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बांधावरून जाण्याआधी शेतकऱ्याला विचारावं. परतीची शेवटची बोट कितीची, हे मात्र निघतानाच पाहून ठेवा.