गरम कधी होते?

"गाडी गरम होते" एवढं ऐकून लगेच पाना हातात घेणारे मेकॅनिक पुष्कळ. "कधी होते?" असं विचारून आधी शांतपणे ऐकून घेणारे थोडे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात ते या थोड्यांच्याच दारात. रत्नागिरीहून कोल्हापूरच्या रस्त्यावर हातखंबा, पाली, नाणीज मागे टाकून साखरप्याला यावं, तर पुढे आंबा घाटाचा चढ सुरू होतो. घाटाआधीच्या या पट्ट्यातल्या एका गॅरेजमध्ये मी असा एक मेस्त्री काम करताना पाहिला. समोर होती एक जुनी डिझेल पिकअप. आंब्याचा हंगाम तोंडावर होता आणि पेट्या भरून कोल्हापूर मार्केटला जाणाऱ्या या गाडीचा काटा घाटात लाल पट्टीला टेकत होता.

ड्रायव्हरने आधीच बराच खर्च केला होता. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, रेडिएटरचं झाकण बदललं, कूलंट बदललं. शेवटी कुणीतरी "हेड गॅस्केट गेलं असेल" असं सांगितल्यापासून त्याची झोप उडाली होती. हेड उतरवायचं म्हणजे गाडी ऐन हंगामात उभी.

मेस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. तो विचारत बसला. सपाटीवर गरम होते का? नाही. रिकामी घाट चढते तेव्हा? थोडी. उतारावर काटा खाली येतो? लगेच येतो. पाणी कमी होतं का? नाही. मग एक प्रश्न असा आला, की त्याचा संबंध मला तेव्हा कळला नाही: "घाटात पंख्याचा आवाज येतो का हो, दादा?"

"पूर्वी यायचा, विमानासारखा," ड्रायव्हर म्हणाला. "आता गाडी एकदम शांत झाली."

मेस्त्रीने मान हलवली आणि तो उठला.

गरम होण्याच्या तक्रारीत ही 'कधी'ची उत्तरं निम्मं काम करतात. उभ्या गाडीत किंवा हळू चढताना काटा चढत असेल, तर संशय हवेवर: पंखा, बेल्ट, जाळीत अडकलेला कचरा. हमरस्त्यावर वेगात पळताना चढत असेल, तर हवा भरपूर मिळत असते, म्हणून संशय पाण्यावर: रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या आहेत, पंपाची पाती झिजली आहेत किंवा खालचा होज पाईप ओढीने आत चिपटतो आहे. गार इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांतच होज दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड गॅस्केट. प्रत्येक दुखण्याची वेळ वेगळी असते.

पहिली तपासणी काट्याचीच होती. सेन्सर बिघडला किंवा अर्थ सैल झाला तर काटाही खोटं बोलतो. मेस्त्रीने गाडी तापवून थर्मोस्टॅट वॉल्वच्या घरावर आणि हेडच्या कडेला तापमानाची बंदूक धरली. काटा खरं बोलत होता.

रेडिएटरचं झाकण मात्र त्याने तेव्हा उघडू दिलं नाही. झाकणावर ०.९ असा आकडा छापलेला होता. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार वर गेला, तरच ते वाट देतं. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११९ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, घरातल्या कुकरमध्ये होतं तसंच. झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळतं. चेहरा भाजलेले ड्रायव्हर घाटाच्या प्रत्येक रस्त्यावर भेटतील. घाई झालेल्या माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

म्हणून गाडी रात्रभर तिथेच राहिली आणि खरी परीक्षा सकाळी, गार इंजिनावर झाली. झाकण काढलं, तोंडावर फनेल बसवून पाणी काठोकाठ भरलं, इंजिन सुरू केलं. सगळे त्या फनेलकडे बघत राहिले. गॅस्केट गेलेलं असतं तेव्हा तिथे बुडबुड्यांची माळ थांबतच नाही, एक्सिलेटर दिला की वाढते. इथे सुरुवातीला अडकलेली थोडी हवा निघाली आणि मग पाणी स्थिर झालं. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तेल काळंच होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. हेड शाबूत होतं. ड्रायव्हरने तिथल्या तिथे हात जोडले.

यानंतरचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटलं, कारण त्याला हत्यार लागलंच नाही. मेस्त्री वरच्या होज पाईपवर तळहात ठेवून उभा राहिला. गार इंजिनात हा पाईप बराच वेळ गारच राहायला हवा. आतला थर्मोस्टॅट वॉल्व मेणावर चालतो. पाणी ८२ अंशांच्या आसपास आलं की मेण वितळून फुगतं, वॉल्व उघडतो आणि मग पाईप एकाएकी चटका देतो. इथे पाईप पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला, हळूहळू, एकसारखा.

"आत वॉल्वच नाही," मेस्त्री म्हणाला.

ड्रायव्हरने कबूल केलं. पहिल्यांदा गरम झाली तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजने तो काढून फेकला होता. आपल्याकडे हा उपाय गल्लोगल्ली चालतो. वॉल्व नसला की पाणी मोकळं फिरेल, असं त्यामागचं गणित. पण या इंजिनात वॉल्व दोन दारं सांभाळतो. रेडिएटरकडचं उघडताना तो बायपासचं बंद करतो. तोच नसला, की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं तापलेलं पाणी रेडिएटर न बघताच इंजिनात परत फिरतं. सपाटीवर हे खपून जातं, उलट इंजिन गरजेपेक्षा गार राहून डिझेल जास्त खातं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या पेट्यांनिशी, हेच अंगाशी येतं.

पण वॉल्व काढायच्या आधीही गाडी गरम होतच होती. ते मूळ दुखणं शोधायचं राहिलंच होतं. इंजिन बंद करून मेस्त्रीने पंख्याला बोटाने टिचकी दिली. पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला. गरम इंजिनावर त्याने जड लागायला हवं. या पंख्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेल भरलेला क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची धातूची पट्टी वळते, तेल आत सुटतं आणि पंखा पुलीला पकडून जोरात फिरू लागतो. तोच तो घोंघाट. या क्लचच्या कडेला धूळ धरलेला चिकट तेलाचा गोल डाग होता. तेल गळून गेलं होतं. गाडी शांत झाली म्हणून ड्रायव्हर खूश होता, आणि तीच शांतता तिचा आजार होती.

पुढची जाळी काढल्यावर उरलेलंही दिसलं. रेडिएटरच्या बारीक पात्यांत कोकणातली लाल माती, गवताचे तुकडे आणि तेलकटपणा यांचा गिलावा बसला होता. तो साबणाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाने धुतला. समोरून सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा मारला की माती आणखी आत जाते आणि पाती वाकतात.

नवा क्लच बसला. नवा वॉल्व बसवण्याआधी मेस्त्रीने तो चहाच्या टोपात दोऱ्याला टांगून, शेजारी थर्मामीटर सोडून तापत जाणाऱ्या पाण्यात तपासला. नवा भागसुद्धा तो असाच तपासतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घातलं, गाडीचं तोंड चढाकडे करून, म्हणजे हवा वर येऊन निघून जाते. देशावरच्या बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार धरतात, घाटातल्या झऱ्याचं पाणी मऊ असलं तरी गंज थांबवणारं काही त्यात नसतं. तापलेल्या इंजिनात ते गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, हे वेगळंच.

चाचणीला गाडी भरून घाटात नेली. पंख्याचा घोंघाट परत आला होता. आंबा गावापर्यंत काटा मध्याच्या जरासा वर जाऊन तिथेच राहिला. खाली उतरल्यावर मेस्त्रीने रेडिएटरवर बंदूक फिरवली, तर एका कोपऱ्यातला भाग बाकीच्यापेक्षा बराच गार निघाला. तिथल्या नळ्या चोंदलेल्या होत्या. हंगाम संपला की पितळी टाकी उकलून नळ्यांत सळ्या घालून घ्यायला त्याने सांगितलं.

"तोपर्यंत घाटात काटा चढलाच तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"बाजूला घ्या. पाणी जागेवर असेल तर इंजिन बंद करू नका, न्यूट्रलमध्ये जरा जास्त रेसवर चालू ठेवा, हीटर पूर्ण सोडा. पाणी गेलेलं असेल, वाफ येत असेल, तर लगेच बंद. आणि झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही."