रेपोच्या पोटात रेपो: मर्जचं भांडण आपोआप कुठपर्यंत मिटतं?

आजचा विषय गिटमधला मर्ज कॉन्फ्लिक्ट. पण साधा नाही, एका रेपोच्या पोटात दुसरी रेपो असते तेव्हाचा. टीममध्ये सबमॉड्यूल आलं की कुणीतरी विचारतंच, "हे आपोआप सोडवणारी स्क्रिप्ट नाही का?" लिहिता येते. पण ती कुठे थांबली पाहिजे हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर कुणाचं तरी आठवडाभराचं काम एकही एरर न येता गायब होतं. ऐकताना कमांड निसटल्या असतील तर त्या इथे सापडतील.

आधी साधं भांडण

आपल्या शहराचंच उदाहरण घेऊ. समजा एका फाइलमध्ये पत्त्याची ओळ आहे: "औरंगाबाद". 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, म्हणून एका ब्रँचवर कुणी "छत्रपती संभाजीनगर" लिहिलं. दुसऱ्या ब्रँचवर कुणी त्याच ओळीत भर घातली: "वाळूज, औरंगाबाद".

मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं: मूळ ओळ, आपली ओळ आणि समोरची ओळ. एकाच बाजूने बदल केला असेल तर गिट तो मुकाट्याने घेतं. इथे दोघांनीही बदल केलाय, म्हणून गिट थांबतं आणि तुम्हाला विचारतं.

आता बघा, बरोबर उत्तर आहे "वाळूज, छत्रपती संभाजीनगर". ते ना आपल्या बाजूला आहे, ना समोरच्या. "आपलंच ठेव" किंवा "त्यांचंच घे" म्हणणारी स्क्रिप्ट दोन्ही वेळा चुकणार. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाहेरच्या रेपोत फक्त चिठ्ठी असते

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींमधल्या मशीनसाठी फर्मवेअर लिहिणाऱ्यांना सबमॉड्यूल टाळता येत नाही. ईएसपी32 चिपसाठीचं ईएसपी-आयडीएफ घ्या. ते क्लोन करताना "डॅश डॅश रिकर्सिव्ह" लावायला सांगतात, कारण त्याच्या पोटात एमबेडटीएलएससारख्या कितीतरी रेपो सबमॉड्यूल म्हणून बसलेल्या आहेत.

बाहेरची रेपो आतल्या रेपोच्या फाइली स्वतःकडे ठेवत नाही. ती ठेवते एक चिठ्ठी: "आतल्या रेपोचा अमुक कमिट वापरा". त्या चिठ्ठीवर फक्त 40 अक्षरांचा हॅश असतो.

समजा वाळूजच्या एकाने आतल्या लायब्ररीत सेन्सरचा बग काढला आणि चिठ्ठी कमिट "क" वर नेली. पुण्याच्या एकीने त्याच लायब्ररीत वायफायचा बग काढला आणि चिठ्ठी "ख" वर नेली. बाहेरून मर्ज करताना गिटला दिसतात फक्त दोन हॅश. आता 40 अक्षरांचे दोन हॅश अर्धे-अर्धे जोडून तर तिसरा कमिट तयार होत नाही!

गिट स्वतः काय सोडवतं

एक केस गिट स्वतःच सोडवतं. "ख" हा "क" च्याच पुढे वाढलेला असेल, म्हणजे "ख" च्या इतिहासात "क" आधीच असेल, तर "ख" घेतल्याने "क" चा कमिट मागे सुटत नाही. गिट "ख" घेतं आणि पुढे जातं. अट एवढीच की दोन्ही कमिट मूळ चिठ्ठीच्या पुढचे असावेत आणि तुमच्या मशीनवर फेच झालेले असावेत.

इथे तारीख बघून चालत नाही. "ख" कालचा आणि "क" परवाचा, म्हणून "ख" मध्ये "क" आहे असं होत नाही. तारीख वेगळी, वंशावळ वेगळी. "जो नवा तो घ्या" असं करणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्यात. डेमोत मस्त चालतात.

दोन फांद्या खरंच वेगळ्या असतील तर गिट कॉन्फ्लिक्ट दाखवतं. दोघांना जोडणारा मर्ज कमिट आतल्या रेपोत आधीच असेल तर गिट तो सुचवतं, पण परस्पर घेत नाही. ही सावधगिरी बरोबरच आहे.

"गिट ॲड डॉट"चा सापळा

सगळ्यात जास्त काम इथे हरवतं. साध्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट झाला की त्या उलट्या-सुलट्या बाणांच्या खुणा दिसतात. सबमॉड्यूल म्हणजे फोल्डर, त्यात तसं काही दिसत नाही. आणि मर्ज करताना गिट त्या फोल्डरला हात लावत नाही, ते बहुतेक वेळा आपल्याच जुन्या कमिटवर उभं असतं. अशा वेळी घाईत "गिट ॲड डॉट" केलं की गिट समजतं, या फोल्डरमध्ये आत्ता जो कमिट आहे तेच उत्तर. कॉन्फ्लिक्ट मिटला, बिल्ड झाला, पुण्याचा वायफाय फिक्स गेला. आतल्या रेपोत तो शाबूत आहे, फक्त त्याच्याकडे जाणारी चिठ्ठी राहिली नाही. आणि ग्राहकाकडचं मशीन बंद पडेपर्यंत हे कुणाला कळत नाही.

स्क्रिप्ट लिहायची तर

सूत्र एकच: आधी आत, मग बाहेर. रेपो तीन थरांची असेल तर सगळ्यात आतल्या थरापासून सुरुवात.

1. "गिट एलएस-फाइल्स डॅश यू" चालवा. मूळ, आपला आणि समोरचा असे तीन हॅश मिळतात.
2. आतल्या रेपोत जाऊन फेच करा.
3. "गिट मर्ज-बेस डॅश डॅश इज-ॲन्सेस्टर" ने विचारा: एक दुसऱ्याच्या इतिहासात आहे का? असेल तर पुढचा घ्या.
4. नसेल तर आतच नवी ब्रँच काढून दोन्ही मर्ज करा. स्वच्छ झालं तर टेस्ट चालवा. कॉन्फ्लिक्ट आला तर स्क्रिप्टने थांबायचं आणि माणसाला हाक मारायची.
5. आतला मर्ज आधी पुश करा, मग बाहेर नवी चिठ्ठी ॲड करा.

पाचवी पायरी उलटी झाली तर चिठ्ठी अशा कमिटकडे बोट दाखवते जो सर्व्हरवर नाहीच. बाहेरची रेपो पुश करताना "डॅश डॅश रिकर्स-सबमॉड्यूल्स इज इक्वल टू चेक" लावा, गिट असा पुश अडवतं.

तोच तोच टेक्स्ट कॉन्फ्लिक्ट येत असेल तर "रेरेरे" चालू करा. तुम्ही एकदा दिलेलं उत्तर ते लक्षात ठेवतं. पण ते फाइलींसाठी आहे, चिठ्ठीसाठी नाही. आतल्या रेपोत कामाला येईल.

मर्ज झालं म्हणजे बरोबर झालं?

आता चौथ्या पायरीत मी टेस्टचा हट्ट का धरते ते सांगते. समजा पेंट सुकवायच्या ओव्हनचं फर्मवेअर आहे. तापमान वाचणारं फंक्शन दशांश अंशात आकडा देत होतं, 180 अंशाला 1800. वाळूजवाल्याने ते पूर्ण अंशात आणलं आणि तेव्हा ते फंक्शन जिथे जिथे वापरलं होतं, तिथे सगळीकडे दुरुस्ती केली. त्याच आठवड्यात पुणेवालीने नव्या फाइलमध्ये लिहिलं: आकडा 1800 च्या वर गेला की हीटर बंद.

फाइली वेगळ्या, त्यामुळे मर्ज स्वच्छ. कंपाइलही होतं. आणि तो हीटर बंदच होत नाही, कारण आकडा आता 1800 पर्यंत पोचतच नाही. दोघांचाही कोड आपापल्या ब्रँचवर बरोबर होता.

यावर स्वस्त उपाय आहे: फंक्शनचा अर्थ बदलला तर नावही बदला. मग जुन्या नावाने बोलावणारी ओळ कंपाइलच होणार नाही आणि चूक ओव्हनपर्यंत न जाता लॅपटॉपवरच पकडली जाईल.

तर स्क्रिप्ट जरूर लिहा, कंटाळवाणं काम तिलाच द्या. इतिहास बघून सिद्ध होतं तेवढं तिने मिटवावं. जिथे दोन माणसांचा हेतू जुळवायचाय तिथे तिने थांबावं, आणि तुम्ही वाळूजला आणि पुण्याला फोन लावावा. तुमच्या टीममध्ये सबमॉड्यूलचा कुठला घोळ होतो ते कळवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. भेटूया!