आईची पिन, लेकीची परीक्षा

नव्या वर्गशिक्षिका हजेरी घेता घेता मध्येच थांबतात, चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, ‘‘तू त्या अमकीची धाकटी बहीण ना गं?’’ असं तुमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत झालंय? ताई हुशार असेल तर पंचाईत, कारण आता आपल्यालाही तसेच मार्क पाडून दाखवावे लागणार. दादा उनाड असेल तर त्याहून पंचाईत! आपण अजून तोंडही उघडलेलं नसतं आणि बाईंचं आपल्याबद्दलचं मत तयार झालेलं असतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा मुलींना चक्क एक नाव आहे – ‘लेगसी’, म्हणजे वारसदार. दर वर्षी ऑगस्ट उजाडला की तिथल्या हजारो मुली ‘सोरॉरिटी’ नावाच्या संघांत प्रवेश मिळवायला धडपडतात. त्यातल्या काहींची आई, आजी किंवा मोठी बहीण त्याच संघात होऊन गेलेली असते. या वारसदार मुलींचं पुढे काय होतं? त्यांना दार आपोआप उघडतं का? गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही, बरं का!

सोरॉरिटी म्हणजे काय रे भाऊ?

लॅटिनमध्ये ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातला ‘स्वसृ’ आणि इंग्रजीतला ‘सिस्टर’ हे याच शब्दाचे नातेवाईक. तेव्हा सोरॉरिटी म्हणजे भगिनीसंघ. सभासद मुली एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी संघाचं स्वतःचं मोठं घर असतं, तिथे काही मुली एकत्र राहतात. समाजसेवेसाठी निधी गोळा करायचा, सण-समारंभ करायचे आणि कॉलेज संपल्यावरही आयुष्यभर एकमेकींना धरून राहायचं. नोकरी शोधताना ही ओळख उपयोगी पडते. अर्थात हे सगळं फुकट नाही. मोठ्या विद्यापीठांत वर्षाची वर्गणी काही हजार डॉलरपर्यंत जाते.

संघांची नावं मात्र ग्रीक अक्षरांची – कप्पा अल्फा थीटा, गॅमा फाय बीटा, डेल्टा गॅमा. आपल्याला ऐकताना भूमितीचा तास चाललाय असंच वाटतं!

बेटीनं पिन नाकारली

हे संघ आले कुठून? एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कॉलेजांत मुलांचे संघ होते, त्यांना ‘फ्रॅटर्निटी’ म्हणत. मुलींना तिथे मज्जाव. इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावच्या कॉलेजात बेटी लॉक नावाची मुलगी शिकत होती. मुलींना त्या कॉलेजात नुकताच प्रवेश मिळू लागला होता. मुलांच्या एका संघानं तिला आपली पिन, म्हणजे बिल्ला, लावायला दिली, पण सभासद करून घ्यायला नकार दिला. नुसतं शोभेसाठी मिरवायचं! बेटीनं ती पिन नाकारली आणि मैत्रिणींना घेऊन २७ जानेवारी १८७० रोजी स्वतःचा संघ काढला, अशी कथा सांगतात. तोच कप्पा अल्फा थीटा. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या १८८६ साली. म्हणजे साधारण त्याच काळातली ही गोष्ट.

लक्षात आलं का? ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्या मुलींनी आपलं वेगळं घर बांधलं. पुढे त्या घराच्या दारात कोण उभं राहिलं, ते आता बघू.

घाई, घाई, घाई!

नव्या मुली निवडण्याच्या आठवड्याला पूर्वीपासून ‘रश’ म्हणतात, म्हणजे धावपळ. नावाप्रमाणेच चांगल्या मुली दुसऱ्यांनी पळवायच्या आत आपण गाठायच्या अशी चढाओढ तेव्हा असे. गोंधळ आवरायला १९०२ साली काही संघांची मिळून एक परिषद स्थापन झाली. १९२८ मध्ये पसंतीक्रमाची पद्धत आली. मुलींनी संघांची यादी द्यायची, संघांनी मुलींची यादी द्यायची आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजांचे पसंतीक्रम भरतात, तशातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे मार्कांची टक्केवारी नसते. ‘तू आम्हाला आवडलीस का?’ हाच प्रश्न असतो.

गंमत म्हणजे या जुळवाजुळवीचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातले एक होते ॲल्विन रॉथ. माणसं आणि जागा यांची नीट जोडी कशी लावायची, याच विषयावरच्या कामासाठी त्यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा ‘मुलींच्या पार्ट्यांत कसलं आलंय शास्त्र!’ असं म्हणू नका.

समजा, तुम्हीच आहात ती!

आता जरा कल्पना करा. तुम्ही अठरा वर्षांच्या आहात. कॉलेज दक्षिणेकडच्या अलाबामासारख्या राज्यात आहे. तिथल्या विद्यापीठात एका ऑगस्टमध्ये अडीच हजारांच्या आसपास मुली रशमध्ये उतरतात! तुमची आई पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका सोरॉरिटीत होती. तिची सोन्याची पिन कपाटात जपून ठेवलीय. तुम्ही सभासद झालात की समारंभात ती पिन आई स्वतःच्या हातानं तुम्हाला लावणार, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलायत.

पहिल्या फेरीत बऱ्याच घरांना भेट द्यायची. दार उघडतं, आतल्या मुली गाणी म्हणत स्वागत करतात. प्रत्येक घरी थोडा वेळ गप्पा. कुठून आलीस? काय शिकणार? हसून हसून गाल दुखतात. सोबत ‘रो गॅमा’ म्हणून एक वाटाड्या ताई असते. ती स्वतः कुठल्या संघातली आहे हे तेवढे दिवस ती गुपित ठेवते. आपल्या संघाकडे तिनं कुणाला ओढू नये म्हणून ही खबरदारी.

रात्री दोन्हीकडे याद्या लागतात. सकाळी कळतं, की आज तुम्हाला कुठून कुठून बोलावणं आहे. घरं कमी कमी होत जातात. वगळलं तर कारण मात्र कुणी सांगत नाही. शेवटच्या फेरीत बहुधा दोनच घरं उरतात. मग एका कागदावर पसंतीक्रम लिहून सही करायची. एकदा सही केली आणि त्यातल्या घराचं बोलावणं आलं, की त्याला ‘बिड’ म्हणतात. ते नाकारलं तर पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत त्या कॉलेजात दुसऱ्या संघात जाता येत नाही.

काही मुली त्या कागदावर एकच नाव लिहितात. ‘हेच घर, नाहीतर कुठलंच नको!’ रॉथ यांच्या अभ्यासातही अशा मुली पुष्कळ दिसल्या. आता सांगा, आईची पिन डोळ्यांपुढे असताना तुम्ही दुसरं नाव लिहाल?

वशिला की ओझं?

पूर्वी बऱ्याच संघांत वारसदारांसाठी खास नियम असत. लेक, नात किंवा सख्खी बहीण असेल तर तिला निदान एका फेरीचं बोलावणं द्यायचंच. ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, तर तिचं नाव यादीत अगदी वर ठेवायचं, म्हणजे जागा पक्की. वाटतं की नाही, छान वशिला आहे म्हणून?

पण यातच मेख आहे. शेवटच्या फेरीत जागा पक्की असल्यामुळे, मुलगी नको असेल तर आधीच्या फेऱ्यांतच तिला वगळावं लागे. साधा हिशेब करून बघा. समजा एका घरात ऐंशी जागा आहेत आणि त्याच घराच्या वारसदार मुली आल्यात शंभर. सगळ्यांना घेतलं तरी वीसजणी बाहेर, आणि ज्यांची आई तिथे नव्हती अशा एकाही मुलीला जागा नाही. मग वारसदारच गाळायच्या. काही संघांत तर लेकीला वगळलं की आईला फोन करून कळवायची पद्धत होती. त्या घरातल्या त्या संध्याकाळचा विचार करा. मुलगी रडते, कारण तिला वाटतं आपण आईला कमी पडलो. आई रडते, कारण तिला वाटतं आपल्या मैत्रिणींनी आपल्यालाच नाकारलं!

उलटंही होतं. मुलीला दुसऱ्याच घरातल्या मुली आवडतात. आईचा संघ नावानं तोच असला, तरी प्रत्येक कॉलेजातली शाखा वेगळी, मुली वेगळ्या, तऱ्हा वेगळी. आईला ज्या घरात जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, तिथे लेकीला परकं वाटू शकतं. मग मनातलं घर निवडायचं, की आईचं मन राखायचं?

आणि बिड मिळालं तरी एक किडा डोक्यात वळवळतोच. ‘यांनी मला घेतलं, की माझ्या आईच्या लेकीला?’

दाराबाहेर कोण उभं आहे?

आतापर्यंत आपण वारसदार मुलीच्या डोळ्यांनी बघत होतो. आता शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बघा. तिची आई कॉलेजातच गेली नाही. किंवा तिची आजी साताऱ्याला आहे आणि आईवडील नोकरीसाठी अमेरिकेत आले. अमेरिकेचा परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा १९६५ साली बदलला, त्यानंतरच भारतीय मोठ्या संख्येनं तिकडे जाऊ लागले. अशा मराठी घरातल्या मुलीला कपाटात पिन कुठून सापडणार?

कृष्णवर्णीय मुलींची गोष्ट तर आणखी जुनी. अलाबामा विद्यापीठात दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जून १९६३ मध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दार अडवून उभे राहिले होते. केंद्र सरकारनं हस्तक्षेप केला तेव्हा ते बाजूला झाले. वर्गाचं दार उघडलं, पण गोऱ्या मुलींच्या सोरॉरिटींचं दार पुढे कितीतरी वर्षं क्वचितच उघडलं. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या ‘क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानं बातमी छापली. उत्तम मार्क असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला एकाही घरानं घेतलं नव्हतं. आम्हाला ती हवी होती, पण आमच्या माजी सभासदांनी अडवलं, असं आतल्याच काही मुलींनी धीर करून पत्रकारांना सांगितलं. देशभर गाजावाजा झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्यूडी बॉनर यांनी प्रवेश पुन्हा खुले करायला लावले आणि त्याच सत्रात काही कृष्णवर्णीय मुली आत आल्या.

आता दोन गोष्टी जोडा. आजीच्या वेळी दार बंद असेल, तर नात वारसदार होणार कशी? ‘आमच्या लेकीबाळींना आधी’ हा नियम ऐकायला किती प्रेमळ! पण कुणी मुद्दाम वाईट वागलं नाही, तरी जुना अन्याय त्या नियमाच्या पाठीवर बसून पुढच्या पिढीत येतो.

हे ध्यानात आल्यामुळे २०२० पासून अनेक सोरॉरिटींनी वारसदारांना आपोआप मिळणारं प्राधान्य काढून टाकलं. आता आईचा संघ सांगता येतो, समारंभात आई पिनही लावू शकते, पण पुष्कळ ठिकाणी यादीत वरची जागा पक्की नसते. काही माजी सभासद रागावल्या. इतकी वर्षं वर्गणी दिली, सेवा केली, आणि आमच्याच मुलींना दार मोकळं नाही? त्यांचं दुःखही खोटं नाही, नाही का?

बेटीच्या वाटेनं

ज्यांना दार उघडलं नाही, त्या गप्प बसल्या नाहीत. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा हा संघ काढला. कमला हॅरिस त्याच संघाच्या. १९९८ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींचा कप्पा फाय गॅमा सुरू झाला. बेटीनं १८७० मध्ये जे केलं, तेच त्यांनीही केलं.

त्या १९९८ सालच्या मुली आता आईच्या वयाच्या झाल्या. त्यांच्या लेकी कॉलेजात जातील, तेव्हा त्यांच्याही घरात एक पिन असेल, आणि तोच प्रश्न आता त्यांना सोडवावा लागेल. प्रत्येक नव्या घराला कधी ना कधी दार बसतंच!

आणि आपण?

‘अमेरिकेतल्या मुलींचं आपल्याला काय?’ असं म्हणू नका. शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका कुणाला मिळते? गल्लीच्या मंडळात, ढोलपथकात, क्रिकेटच्या टीममध्ये ‘हा आपल्या दादाचा भाऊ’ म्हणून कुणाला पुढे ढकललं जातं आणि कोण कठड्यावर बसून नुसतं बघत राहतं?

तुम्ही कुणाचे तरी धाकटे भाऊ-बहीण असाल, तर ओळखीची लाज नको आणि माजही नको. आईला, ताईला खुशाल विचारा की तुला तिथे काय मिळालं. मग आपल्याला तेच हवंय का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर घरी सरळ सांगा. आया वाटतात त्यापेक्षा समजूतदार असतात. आणि कुणी नाकारलंच, तर वीस मिनिटांच्या गप्पांत कुणी तुमची किंमत ठरवू शकत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

तुम्ही दाराच्या आत असाल, टीम निवडायचं काम तुमच्याकडे असेल, तर एवढंच करा. ज्याला इथे कुणीच ओळखत नाही, त्या मुलाला आधी नाव विचारा, आणि ‘तू कुणाचा कोण?’ याच्याऐवजी ‘तुला काय येतं?’ हा प्रश्न करा. बघा तरी, टीम कशी होते ते!