‘गोळी गरम पडली’ म्हणण्याआधी

फिटची नवी गोळी सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात. ताप येतो, डोळे लाल होऊन चुरचुरतात, छातीवर गडद चट्टे उठतात, तोंड इतकं सोलवटतं की पाणीही गिळवत नाही. घरचं निदान तयार असतं: गोळी गरम पडली, ताक द्या, गुलकंद द्या. गोळी मात्र चालूच राहते, आणि घात होतो तो तिथेच.

उष्णतेचा इथे काही संबंध नाही. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. औषधामुळे बिथरलेली प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेच्या पेशी मारू लागते आणि कातडीचा वरचा थर सुटतो. चट्ट्याशेजारी बोट घासलं तरी पापुद्रा सरकतो. ३० टक्क्यांहून अधिक अंग सोललं, तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. त्यात साधारण तिघांपैकी एक रुग्ण दगावतो.

‘रिअॅक्शन यायची तर पहिल्याच गोळीला आली असती’ हा सगळ्यांत चिवट गैरसमज. इंजेक्शननंतर काही मिनिटांत गांधी उठतात, ती अॅलर्जी वेगळी. ही बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ दिवस ते ४ आठवड्यांत, क्वचित त्याहूनही उशिरा येते. त्यामुळे बोल लागतो काल तापासाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलला, खरा गुन्हेगार मात्र महिनाभरापूर्वीच्या चिठ्ठीत असतो. नेहमीचे संशयित म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधं.

लाखो लोक हीच औषधं विनातक्रार घेतात, म्हणून नुसत्या धास्तीने फिटची गोळी परस्पर बंद करू नये. त्यानेही फिट येते. पण वरची लक्षणं दिसली तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी, सगळ्या पाकिटांसह मोठं रुग्णालय गाठायचं. अंगाला हळद-तेल काही फासायचं नाही.

‘डोस जास्त झाला असेल’ हेही अर्धवटच. कार्बामाझेपिनच्या बाबतीत एचएलए-बी*१५०२ ही जनुकीय खूण असलेल्यांना धोका कितीतरी जास्त असतो. ती आग्नेय आशियात बरीच आढळते, भारतातही सापडते. रक्ततपासणीत ती कळते.

शेजारीपाजारी संसर्गाला घाबरतात, तेही उगाच. रुग्णाला वेगळं ठेवतात ते आपले जंतू त्याच्या उघड्या अंगाला लागू नयेत म्हणून.

अर्थात सोलणारी प्रत्येक कातडी इतकी गंभीर नसते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात सुटणारी सालं बहुधा बुरशीची. मात्र लहान मुलाचा ताप पाच दिवस उतरला नाही आणि मग बोटांची टोकं सोलू लागली, तर कावासाकी आजाराची शंका घेऊन हृदयाची तपासणी करावी लागते.

स्टीव्हन्स-जॉन्सनमधून बरं झाल्यावर तो ज्या औषधाने झाला ते आयुष्यभर वर्ज्य, शिवाय कार्बामाझेपिनने झालं असेल तर फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोनही. पाकिटात चिठ्ठी ठेवावी ती औषधाच्या मूळ नावाची. ब्रँडचं नाव लिहून भागत नाही, कारण तेच औषध दुसऱ्या दुकानात दुसऱ्याच नावाने मिळतं.