आधी पातेलं तापवा, मग कथील: सोल्डरिंग मला कसं जमलं

मी म्हैसूरहून बोलतोय. याच शहरात १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. 'आकाशवाणी' हे नाव त्याच केंद्राचं. अशा रेडिओच्या गावात राहून मला मात्र दोन तारा नीट जोडता येत नव्हत्या!

झालं असं, की मी आणि माझ्या मुलाने सुटे भाग आणून रिमोटवर चालणारी गाडी बनवली. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी पहिली फेरी मारली आणि दोन मिनिटांत गाडी बंद पडली. मुलगा ती उचलायला धावला. बघतो तर बॅटरीची लाल तार प्लगमधून सुटून लोंबत होती. ती काळ्या तारेच्या जोडाला टेकली असती, तर शॉर्ट झाला असता. लिथियम-पॉलिमर बॅटरी शॉर्ट झाली की प्रचंड करंट वाहतो, ती पेटूही शकते. त्या दिवशी ठरवलं, हे नीट शिकल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

पुढचा महिना वैतागात गेला. मी आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवायचो आणि तो थेंब तारेवर ठेवायचो. वरून छान गोळी दिसायची, पण जरा ओढलं की तार बाहेर. याला 'कोल्ड जॉइंट' म्हणतात. सोल्डर तारेवर बसलेलं असतं, तिला धरलेलं नसतं.

शेवटी आई म्हणाली, "अरे, कल्हईवाला आठवतो ना? तो आधी पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथील नुसतं टेकवायचा. गार भांड्यावर कल्हई बसते होय?"

सगळं त्यात आलं. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. ६०-४० प्रमाणाचं सोल्डर साधारण १९० अंशांपर्यंत पूर्ण वितळतं. पण जाड तांब्याची तार उष्णता झरझर ओढून घेते. माझं २५ वॉटचं आयर्न तिला पुरतच नव्हतं. ६० वॉटचं आयर्न आणि रुंद, चपटी बिट घेतली, तापमान ३५० ते ४०० अंश ठेवलं आणि फरक दिसला.

नवसागराचं काम इथे फ्लक्स करतं. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघाला तरच सोल्डर पसरतं. मात्र इलेक्ट्रॉनिक्सला नवसागर किंवा ॲसिडचा फ्लक्स वापरू नका, तारा गंजतात. राळेचा फ्लक्सच घ्या.

आता क्रम सांगतो. तारेत हीट श्रिंकची नळी आधीच ओवा, मी ती तीनदा विसरलो! बिट ओल्या स्पंजवर पुसा, तिला थोडं सोल्डर लावा. तार खालून तापवा आणि सोल्डर वरून तारेला टेकवा, बिटला नाही. ते आत शोषलं गेलं की तारेला कल्हई झाली. प्लगची वाटी तशीच तापवून अर्धी भरा, तार आत बुडवा आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवू नका. प्लगमध्ये त्याचा जोडीदार खोचून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना वाकड्या होत नाहीत. पण त्या जोडीदाराला बॅटरी किंवा गाडी जोडलेली नको.

बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी उघड्या करू नका. एक जोडा, झाका, मग दुसरी. खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

जोड गार झाला की जोरात ओढून बघा. घरी सुटला तर बरंच, मैदानात सुटायला नको. आमची गाडी आता पळते. बॅटरी मात्र मुलगा स्वतः तार ओढून बघितल्यावरच जोडतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!