टीमचं टास्क सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे नक्की काय तपासायचं?

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांच्या यादीत एक विषय बऱ्याचदा सापडतो: ‘टीमसाठी टास्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं तुलनात्मक मूल्यमापन’. विषय सोपा वाटतो. सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते, वापरणारे आजूबाजूलाच असतात आणि प्रश्नावली गूगल फॉर्मवर तासाभरात तयार होते. पण सिनॉप्सिस मांडताना समितीतलं कोणीतरी विचारतं, ‘चांगलं म्हणजे कोणासाठी चांगलं?’ आणि तिथे गाडी अडते.

या पोस्टमध्ये आपण हाच प्रश्न उलगडून बघू. कारण त्याचं उत्तर सुरुवातीलाच ठरलं नाही, तर पुढचे सहा महिने गोळा केलेला डेटा कशाचंच उत्तर देत नाही.

फीचरचा तक्ता का पुरत नाही

बहुतेक जण सुरुवात तक्त्याने करतात. डावीकडे फीचर, वर ट्रेलो, जिरा, आसना अशी नावं आणि मध्ये बरोबर-चूक खुणा. खरेदी करणाऱ्याला असा तक्ता उपयोगी पडतो, पण त्याने संशोधनाचा प्रश्न सुटत नाही. फीचर आहे की नाही हे कंपनीच्या माहितीपानावरही वाचता येतं. ते असल्याने टीमच्या कामात काय बदलतं, हा आपला प्रश्न आहे.

शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कामाबद्दलचं एक गृहीतक दडलेलं असतं. 2002 मध्ये आलेलं जिरा मुळात सॉफ्टवेअरमधले बग नोंदवण्यासाठी होतं. त्यामुळे ‘एखादं काम कोणत्या टप्प्यातून कोणत्या टप्प्यात जाऊ शकतं’ याचे नियम त्यात घालून देता येतात. 2011 मध्ये आलेल्या ट्रेलोची मांडणी टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कानबान पद्धतीशी मिळतीजुळती: रकाने करा, कार्ड लावा, हवं तिकडे सरकवा. एकात शिस्त गृहीत आहे, दुसऱ्यात मोकळीक. या दोघांची तुलना करताना आपण नकळत टीमच्या कामाच्या पद्धतीचीही तुलना करत असतो. मग निकाल सॉफ्टवेअरचा की पद्धतीचा, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

ग्रुडिनचा मुद्दा: राबतो कोण, फायदा कोणाला

या क्षेत्रात येणाऱ्याने एक निबंध तरी वाचावाच. जोनाथन ग्रुडिन यांनी 1988 मध्ये, गटाने वापरायची सॉफ्टवेअर्स अपयशी का ठरतात यावर तो लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा अगदी साधा आहे: ज्यांना जास्तीचं काम पडतं आणि ज्यांना फायदा होतो, ती माणसं बऱ्याचदा वेगळी असतात.

त्यांचं एक उदाहरण बैठकीची वेळ आपोआप ठरवणाऱ्या कॅलेंडरचं आहे. सगळ्यांची कॅलेंडर्स अद्ययावत असली, तर बैठक बोलावणाऱ्याचं काम झटक्यात होतं. पण त्यासाठी बाकीच्या प्रत्येकाने आपलं कॅलेंडर रोज भरायचं. त्यांना त्यातून काय मिळतं? फारसं काही नाही. मग ते भरत नाहीत, आणि व्यवस्था कोलमडते.

आता हाच मुद्दा प्रयोगशाळेतल्या टीमला लावून बघा. एक गाईड, दोन पीएचडीचे विद्यार्थी, तीन एमएससीचे. सोमवारी गाईडना एका नजरेत सगळ्यांची प्रगती दिसते. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर उत्तमच. पण कार्ड तयार करणं, तारीख टाकणं, रकाना बदलणं, ‘झालं’ म्हणून खूण करणं हे पाच जण करतात. त्यांची खरी देवाणघेवाण व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हो सर, करतो’ म्हणून आधीच झालेली असते. बोर्ड भरणं हे त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा केलेलं काम असतं.

म्हणून माझ्या मते मूल्यमापनाचा पहिला तक्ता फीचरचा नसावा, भूमिकांचा असावा. प्रत्येक भूमिकेसमोर दोन रकाने: नोंदीसाठी आठवड्याला किती वेळ जातो, आणि त्या नोंदीमुळे कोणता निर्णय सोपा झाला. एखाद्याचा पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर तुमच्या संशोधनाचा खरा विषय तिथे आहे.

सवयी आणि बक्षिसं

वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा 1992 चा अभ्यास याच्या पुढे जातो. एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा काय झालं ते त्यांनी पाहिलं. लोकांनी एकमेकांना माहिती द्यावी, ही अपेक्षा होती. पण कंपनीत बढती स्पर्धेवर अवलंबून होती आणि ग्राहकाच्या नावावर लावता न येणारे तास वाया गेल्यासारखे धरले जात. अशा ठिकाणी आपलं ज्ञान इतरांसाठी फुकट कोण लिहून ठेवणार? त्यातच अनेकांना हे नेमकं कशासाठी आहे तेच उमगलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या जुन्या, एकट्याने वापरायच्या साधनांसारखंच वापरलं.

यातून शिकायचं हे, की सॉफ्टवेअर तपासताना टीममध्ये शाबासकी कशाला मिळते याचीही नोंद घ्या. मुलाखतीत एक प्रश्न असूच द्या: ‘बोर्ड नीट भरला म्हणून तुमचं काही भलं झालं का? नाही भरला म्हणून काही बिघडलं का?’

एसयूएसचा आकडा नीट वाचा

आता मोजमापाकडे येऊ. वापरयोग्यता मोजायला बहुतेक जण सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे एसयूएस वापरतात. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये ते तयार केलं. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. विषम क्रमांकाच्या विधानांत मिळालेल्या गुणांतून 1 वजा करायचा, सम क्रमांकांत 5 मधून मिळालेले गुण वजा करायचे, सगळ्याची बेरीज करून 2.5 ने गुणायचं. समजा, विषम विधानांचे 15 आणि सम विधानांचे 15 आले, तर 30 गुणिले 2.5, म्हणजे 75. हे 75 टक्के नव्हेत, ती फक्त 0 ते 100 मधली एक जागा आहे. अनेक अभ्यासांची मिळून सरासरी साधारण 68 धरतात, म्हणून 75 हा सरासरीच्या वरचा आकडा.

इथपर्यंत सरळ आहे. अडचण येते ती टीमची सरासरी काढताना. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा जणांची टीम, दोन सॉफ्टवेअर्स. पहिल्याला टीमप्रमुखाने 95 दिले आणि बाकी पाच जणांनी प्रत्येकी 60. सरासरी 65.8. दुसऱ्याला सहाही जणांनी 65 दिले. सरासरी 65. सरासरीनुसार पहिलं जिंकलं. पण सहापैकी पाच जणांना दुसरं जास्त सोयीचं वाटलं होतं! म्हणून टीमच्या अभ्यासात एकच सरासरी छापू नका. भूमिकेनुसार आकडे वेगळे द्या.

फ्रेड डेव्हिस यांच्या 1989 च्या टेक्नॉलॉजी अॅक्सेप्टन्स मॉडेलबद्दलही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘उपयोगी वाटतं का’ आणि ‘सोपं वाटतं का’ यावरून वापराचा इरादा समजून घेणारं हे मॉडेल आहे. पण ‘सगळ्यांनी वापरायचंच’ असं गाईडने सांगितलं असेल, तर इराद्याला अर्थ काय उरतो? तिथे वापरतात की नाही यापेक्षा कसं वापरतात हे बघावं लागतं.

बोर्डावरचं काम आणि खरं काम

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कमी मोजलं जाणारं माप हे आहे: खरोखर चाललेल्या कामांपैकी किती कामं बोर्डावर दिसतात? हे मोजायला महागडं साधन लागत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस, आधी न सांगता, प्रत्येकाला विचारा: ‘आत्ता तुमच्या हातात कोणती कामं आहेत?’ ती यादी बोर्डाशी ताडून बघा.

इथे लिटलचा नियम कामी येतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगतो, की स्थिर चालणाऱ्या व्यवस्थेत चालू कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं पूर्ण होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. समजा, टीम आठवड्याला 5 कामं पूर्ण करते आणि विचारल्यावर सरासरी 20 कामं चालू असल्याचं कळतं. म्हणजे एका कामाला सरासरी 4 आठवडे लागतात. बोर्डावर मात्र कार्ड ‘चालू’ रकान्यात सरासरी एकच आठवडा राहिलेलं दिसतं. मग बोर्डाच्या हिशेबाने 5 कामं चालू आहेत. उरलेली 15 कुठे गेली? ती बोर्डाबाहेर सुरू झालीत आणि काम संपत आल्यावरच कार्ड हललंय. अशा बोर्डावरून ‘सॉफ्टवेअरमुळे कामाचा वेग चौपट झाला’ असा निष्कर्ष काढणं किती धोक्याचं आहे, ते लक्षात आलं असेल.

आणखी एक सापळा म्हणजे बंद झालेल्या कार्डांची संख्या हेच यशाचं माप धरणं. माप हेच लक्ष्य बनलं की ते माप म्हणून निकामी होतं, हा मुद्दा अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या 1975 मधल्या एका निरीक्षणावरून ओळखला जातो. कार्डं मोजली जाताहेत हे कळलं की ‘अहवाल लिहिणे’ या एका कार्डाची ‘मुद्दे काढणे’, ‘पहिला मसुदा’, ‘आकृत्या’, ‘तपासणी’ अशी चार कार्डं होतात. काम तेवढंच असतं, आकडा मात्र चौपट.

नमुना माणसांचा की टीमचा?

आठ टीम, प्रत्येकीत पाच जण, म्हणजे 40 प्रतिसाद. अनेक प्रबंधांत इथे थेट ‘नमुना 40’ असं लिहिलेलं असतं. पण एकाच टीममधल्या लोकांचे प्रमुख, सवयी आणि डेडलाईन एकच असतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. याचा हिशेब डिझाईन इफेक्टने होतो: टीममधल्या माणसांच्या संख्येतून 1 वजा करा, त्याला टीमअंतर्गत सहसंबंधाने गुणा आणि 1 मिळवा. सहसंबंध 0.25 धरला, तर 4 गुणिले 0.25 अधिक 1, म्हणजे 2. तुमचे 40 प्रतिसाद माहितीच्या दृष्टीने 20 स्वतंत्र प्रतिसादांइतकेच भरतात. म्हणून शक्य असेल तर टीम वाढवा. नुसती माणसं वाढवून भागत नाही.

प्रत्येक टीम दोन्ही सॉफ्टवेअर्स वापरणार असेल, तर निम्म्या टीमना पहिलं आधी द्या, निम्म्यांना दुसरं आधी. नाहीतर सरावाचा फायदा कोणाच्या तरी खात्यात फुकट जमा होतो. आणि एका तासाच्या डेमोवर निकाल देऊ नका. एकट्याने वापरायचं सॉफ्टवेअर तासाभरात बरंचसं कळतं, पण टीमचं सॉफ्टवेअर पहिला उत्साह ओसरल्यावर आणि पहिली खरी डेडलाईन आल्यावरच कळतं.

संमती: ही औपचारिकता नाही

टास्क सॉफ्टवेअरच्या नोंदींत कोण रात्री दोनला काम करतं, कोणाची कामं रखडतात, कोण सुट्टीतही कार्ड हलवतं हे सगळं दिसतं. म्हणून टीमप्रमुखाची परवानगी म्हणजे सदस्यांची संमती नव्हे. प्रत्येकाची लेखी संमती वेगळी घ्या, नाही म्हणायची मोकळीक खरी असू द्या आणि कोणाचा वैयक्तिक आकडा गाईडना किंवा मॅनेजरना दिसणार नाही हे आधी ठरवा. तुमच्याच गाईडची प्रयोगशाळा निवडत असाल तर दुप्पट काळजी घ्या. तिथल्या ज्युनिअरला ‘नाही’ म्हणणं किती जमेल, याचा विचार तुम्हालाच करायचाय. सहभागींना धास्ती वाटली तर डेटाही खोटाच येणार.

विषय असा लिहून बघा

‘ट्रेलो आणि जिरा यांचं तुलनात्मक मूल्यमापन’ याऐवजी लिहा: ‘संशोधन गटांत टास्क सॉफ्टवेअरमुळे नोंदीचं काम आणि त्याचा फायदा भूमिकांनुसार कसा वाटला जातो, आणि त्याचा बोर्डाच्या अचूकतेवर काय परिणाम होतो’. शीर्षक लांबलं खरं, पण यात काय मोजायचं, कोणाचं मोजायचं आणि कशाशी ताडायचं हे तिन्ही आलं. पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअरची बटणं बदलली तरी या प्रश्नाचं उत्तर शिळं होणार नाही. आणि समितीने ‘कोणासाठी चांगलं?’ असं विचारलं, तर तुमचा पहिला तक्ता पुढे ठेवा. उत्तर त्यातच असेल.